मालक ड्रमवर बसतात

हिंजवडीजवळच्या जांब्यात नथू रानवड्यांच्या सात खोल्या आहेत आणि सातही खोल्यांना एक नियम आहे. संध्याकाळी साडेसहा ते आठ मालकांना कुठल्याही कामासाठी हाक मारायची नाही. नळ गळत असला तर गळू द्यायचा, गिझर बंद पडला तर थंड पाण्यानं भागवायचं. त्या दीड तासात मालक पाठीमागच्या गोठ्यात ड्रम वाजवत असतात. नव्या भाडेकरूला हे सांगितलं की तो हसतो. मालकांना भजनाचा नाद असेल अशी स्वतःची समजूत घालून घेतो. मग सहा पस्तीसला खिडक्यांची तावदानं थरथरायला लागतात, लाकडाच्या ओंडक्यात करवत अडकावी तसा एका मुलीचा आवाज गोठ्यातून येतो आणि त्या बिचाऱ्याच्या हातातला चहा सांडतो.

नथूकाका हेवी मेटल वाजवतात.

त्यांना बघून हे कुणाला पटायचं नाही. वय एकोणपन्नास, पांढरा शर्ट, पोटरीपर्यंत दुमडलेली पँट, आणि मिशीला अजून कलप लावावा लागत नाही याचा थोडा जास्तच अभिमान. जिथं तीस वर्षं त्यांनी भात लावला तिथं आता या सात खोल्या उभ्या आहेत. त्याचं त्यांना फार वाईट वाटत नव्हतं. भातात कंबर मोडते, खोल्यांत मोडत नाही, असं ते सरळ सांगत. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. ते होतं ढोलाचं.

गावात पूर्वी ढोल-लेझीमचा ताफा होता. सतराव्या वर्षी नथूकाकांच्या गळ्यात ढोल आला आणि पुढं बावीस-तेवीस वर्षं तो उतरला नाही. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, समोर चाळीस लेझीमवाले, आणि या सगळ्यांच्या पुढं ताफ्याचे म्होरके विठ्ठलराव, तोंडात शिट्टी धरून. शिट्टी वाजली की डाव बदलायचा. लेझीमवाल्यांची पावलं बदलायची आणि त्यांच्याही आधी ढोलाचा ठेका बदलायचा. मग पोरांनी भिंतीएवढे स्पीकर आणले, विठ्ठलराव लेकीकडं चिंचवडला राहायला गेले, आणि ताफा मोडला. कुणी मोडला असं नाही. एका वर्षी जमलाच नाही, एवढंच झालं.

ढोल एकट्याला वाजवता येत नाही असं नाही. ताफा मोडल्यावर एकदा नथूकाकांनी तो खाली काढला, मागच्या बांधावर उभं राहून मन लावून वाजवला. कमळकाकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत बाहेर आल्या.

"अवं, कोण गेलं?"

त्यानंतर नथूकाकांनी ढोल एकट्यानं वाजवला नाही. अशी नऊ वर्षं गेली.

मग वरच्या तीन खोल्यांत ती पोरं राहायला आली. कौस्तुभ गिटार वाजवायचा, मनीष बेस, आणि गौतमी गायची. तिघंही हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला. अमोल नावाचा चौथा ड्रम वाजवायचा. बँडचं नाव 'कोळिष्टक'. ते ऐकून कमळकाकूंनी कपाळाला हात लावला. "कोळिष्टकं काढून काढून माझं हात मोडलं, आन् ह्यांनी हौसंनं नाव ठिवलंय!" गायी विकल्यापासून गोठा रिकामाच होता. पोरांनी तो सरावासाठी मागितला, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि सुरुवात केली. पहिल्या दिवशी गौतमीचा आवाज ऐकून कमळकाकू हळद घातलेलं दूध घेऊन गेल्या. पोरीचा घसा गेलाय अशी त्यांची खात्रीच होती. गौतमीनं दूध पिऊन टाकलं आणि पुन्हा तसंच ओरडली. काकूंनी पेला उचलला आणि परत आल्या.

पुढं अमोलची बदली हैदराबादला झाली. ड्रम ठेवायला तिकडं जागा नाही म्हणून सगळा संच गोठ्यातच राहिला. उरलेली तिघं लॅपटॉपमधून ठोके लावून सराव करायला लागली. नथूकाका दारात पालथ्या घमेल्यावर बसून ऐकायचे. चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी त्यांना राहवेना.

"पोरी, तुला त्या तितं दम घ्यायचा असतोय ना?"

गौतमी थांबली. "हो काका. तुम्हाला कसं कळलं?"

"मग ह्यो डबा का थांबत न्हाई?"

"तो मशीन आहे ना काका. तो कुणासाठी थांबत नसतो."

"मग त्याला बाहीर काढा की."

तिघं हसली. हसता हसता कौस्तुभ म्हणाला, "काका, बसता का तुम्ही?" तो गंमतीनं बोलला होता. नथूकाका मात्र उठलेच. त्यांनी आधी एकेका ड्रमवर बोट टिचकावून बघितलं, तोंडावरचं पान ढिलं पडलंय म्हणाले, चावी मागून घेतली आणि अर्धा तास नुसती पानं ताणत बसले. मग बसून टिपरी हातात घेतली. त्या दिवशी त्यांनी जे वाजवलं ते मेटल नव्हतं, मिरवणुकीतलाच ठेका होता. पण गौतमी दम घ्यायला जिथं थांबायची तिथं तोही थांबत होता आणि ती परत येताना तिच्याबरोबर येत होता. गाणं संपल्यावर गौतमी नुसती त्यांच्याकडं बघत राहिली. नऊ वर्षांनी चार माणसांत बसून वाजवल्यावर नथूकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते घामाबरोबर पुसून टाकलं.

आता अडचण होती पायांची. मेटलमध्ये मोठ्या ढोलाला दोन पेडल असतात आणि दोन्ही पायांनी ती तडातडा मारावी लागतात. त्याला डबल बेस म्हणतात. कौस्तुभनं फोनवर एका परदेशी ड्रमरचे पाय दाखवले. शिवणयंत्राच्या सुईसारखे ते वरखाली होत होते. "हे पाय हायेत व्हय?" नथूकाका म्हणाले आणि त्याच संध्याकाळपासून खाटेच्या कडेला बसून चपला जमिनीवर आपटायला लागले. टीव्ही बघताना, जेवताना, फोनवर बोलताना. काकूंनी आठवडाभर कळ काढली आणि मग वाताचं तेल आणून पुढ्यात ठेवलं.

दोन महिन्यांनी कौस्तुभनं मोजलं. त्याची गाणी मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या चालीवर रचलेली. नथूकाकांचे पाय दीडशेला मांडीत गोळा येऊन थांबत. भाताच्या चिखलात पाय रोवून उभं राहणं त्यांना जन्मभर जमलं होतं, पाय उडवणं मात्र कधी शिकावंच लागलं नव्हतं. कौस्तुभ खट्टू झाला, पण दुसरं कोण होतं? त्यानं गाणी संथ केली. संथ केल्यावर ती जास्त जड आणि जास्त भयंकर वाटायला लागली, हे त्यानं मनीषला हळूच कबूलही केलं.

त्यातलं एक गाणं होतं 'पाचोळा'. त्याचा सराव रोज सव्वासातच्या सुमाराला चाले, आणि गाणं रंगात आलं की नथूकाका मध्येच ठेका बदलायचे. एकदा नाही, तीनदा. कधी तर चारदा. कौस्तुभ खूश. त्यानं ते बदल फोनवर भरून घेतले, घरी बसून पाठ केले आणि त्यावर गिटार बसवली. "काका किती प्रोग्रेसिव्ह विचार करतात बघ," तो मनीषला म्हणाला. नथूकाकांना प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आपण काही बदलतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिला कार्यक्रम हिंजवडीतल्या एका हॉटेलच्या मागच्या लॉनवर, रविवारी संध्याकाळी पाचला. कमळकाकू ठेवणीतली साडी नेसून पुढच्या खुर्चीवर. ड्रममागं मिशीवाले काका बघून पोरं आधी हसली आणि पहिलं गाणं अर्ध्यावर येईपर्यंत त्यांच्या माना हलायला लागल्या. दुसऱ्या गाण्याला एक जण इतका खूश झाला की त्यानं दोन बोटं तोंडात घालून कडक शिट्टी मारली.

नथूकाकांचा ठेका बदलला.

कौस्तुभ दचकला, मनीषनं मान वळवली, गौतमी एका ओळीवर आणि ड्रम दुसऱ्याच डावावर. कसंबसं सावरतात तोच दुसरी शिट्टी. ठेका पुन्हा बदलला. लोकांना वाटलं हे मुद्दाम चाललंय, म्हणून आणखी चौघांनी शिट्ट्या मारल्या. पुढं जे झालं त्याला गाणं म्हणणं कठीण आहे. चौघं चार रस्त्यांनी गेले आणि शेवटही चौघांनी वेगवेगळा केला.

खाली उतरल्यावर पोरं नथूकाकांना म्हणाली, "छान झालं काका." मनीष म्हणाला, "मस्त काका, एकदम मस्त." गौतमीनं पाण्याची बाटली आणून दिली. नथूकाकांना काय बिनसलं ते कळलं नव्हतं, पण बिनसलं होतं हे नक्की कळलं होतं. एवढी माती झालेली असताना सगळे छान म्हणतायत, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

स्कूटरवरून घरी येताना मागं बसलेल्या काकू म्हणाल्या, "अवं, शिट्टी वाजली की तुमचा हात बदलतुया."

"काय?"

"शिट्टी वो. विठ्ठलरावांची सवं. आज धा बारा वेळा बदललासा. आन् घरी बी त्येच करता."

"घरी कोण शिट्टी मारतंय?"

"माझा कुकर."

नथूकाकांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. गोठ्याची खिडकी आणि स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर. सव्वासातला भात. मग दोघं नवरा-बायको भर रस्त्यात इतकं हसले की मागच्या रिक्षावाल्यानं थांबून मदत हवी का विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना सगळं खरं सांगून टाकलं. कौस्तुभचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हणजे 'पाचोळा'तले ते तीन बदल..."

"भात," काकू दारातून म्हणाल्या. "डाळ बी लावली का चार."

मनीष गादीवर लोळून हसला, गौतमीचंही हसू आवरेना. पण नथूकाकांनी "माझ्यापायी तुमचा कारेक्रम बुडला" म्हटल्याबरोबर तिघंही एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. "होतं असं काका." "काही नाही काका." "तुम्ही टेन्शन घेऊ नका." शब्दाला शब्द लावून रागावणं राहिलं बाजूला, कुणी साधी भुवईसुद्धा उंचावली नाही.

याचं कारण नथूकाकांना बुधवारी कळलं. ते गच्चीवर टाकी धूत होते आणि खालच्या बाल्कनीत मनीष कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "अरे यार, मकान-मालिक है. निकालें कैसे? कल को बोलेगा कमरा खाली करो." मग म्हणाला, संडे को वो ड्रमर सायली आ रही है पुणे से, देखते हैं.

नथूकाका ब्रश हातात घेऊन टाकीशेजारीच बसले. ड्रमवरून उठवलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, पण समजलं असतं. हे मात्र जिव्हारी लागलं. इतके दिवस पोरांनी आपल्याला हातासाठी बसवून घेतलं की छपरासाठी? आपण तिथं वाजवणारे म्हणून होतो, की सात खोल्यांचे मालक म्हणून? आणि ती दीडशेच्या चालीची गाणी, ती तरी खरंच आवडली म्हणून केली होती का?

"मग इचारा की सरळ," काकू म्हणाल्या.

"इचारून काय? आपल्या हितं राहत्यात ती. खरं कसं बोलतील?"

शनिवारी सकाळी त्यांनी कराराच्या एजंटाला बोलावलं. पोरांच्या कराराचे अजून चार महिने बाकी होते. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन आला, पोरं झोपेतून उठून डोळे चोळत खाली आली आणि बघतात तर अकरा महिन्यांचा नवा करार तयार. भाडं तेच. फक्त एक ओळ वाढलेली: पाठीमागचा गोठाही भाडेकरूंच्या वापरासाठी. काही चुकलं की काय म्हणून घाबरून तिघांनी अंगठे टेकवले.

एजंट गेल्यावर नथूकाका म्हणाले, "आता अकरा महिने मी तुमाला हालवू शकत न्हाई. गोठा बी तुमचा. आता मालक न्हाई म्हणून बोला. मी वाजवतुया ते चालंल का न्हाई?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. गौतमीनं मान खाली घातली. कौस्तुभ घसा खाकरून म्हणाला, "काका... तुम्ही छान वाजवता."

नथूकाका मान हलवून आत गेले.

रविवारी सायली आली. चोवीस वर्षांची, कोथरूडची, दोन बँडांत वाजवणारी, आणि बोलायला सडेतोड. कानात ठोक्यांचं यंत्र अडकवून ती बसली आणि तिनं पाय सुरू केले. नथूकाका घमेल्यावरून उठून उभे राहिले. फोनमध्ये दिसले होते तसेच पाय, पण खरेखुरे, चार हातांवर! त्यांना हेवा वाटला, नाही असं नाही. पण बघण्यात इतकी मजा येत होती की हेवा करायचं राहूनच गेलं. "वाघीण हाय!" ते काकूंना म्हणाले.

पण गाणं काही जमेना. गौतमी दोनदा उशिरा आली, तिसऱ्यांदा दम पुरला नाही. कौस्तुभ नेहमीच्या जागी रेंगाळला आणि ड्रम पुढं निघून गेले. चौथ्या वेळी सायलीनं कानातलं काढून ठेवलं.

"एकदा काका वाजवू देत. मी बघते."

नथूकाका बसले. सायली त्यांच्या समोर खाली मांडी घालून बसली, आणि गाणं चालू असताना तिनं एकदाही त्यांच्या पायांकडं बघितलं नाही. ती त्यांच्या डोळ्यांकडं बघत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही सारखं खाली काय बघता?"

"हिचं पाय."

"माझे?" गौतमी म्हणाली.

"वरडायच्या आधी तुझी टाच उठती. उजवी. कवा लगेच, कवा उशिरा. टाच उठली का मी येतुया. कौस्तुभचा गुडघा वाकतो. ह्यो मनीष मातूर कुटनंच कळत न्हाई, त्याच्याकडं कान द्यावा लागतोय." मग त्यांनी लेझीमचं सांगितलं. ढोलकऱ्यानं लेझीमवाल्याच्या हाताकडं बघायचं नसतं, हात उशिरा येतो. पाऊल आधी उठतं.

गौतमी आपल्या टाचेकडं बघायला लागली. इतक्या वर्षांत हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

सायली कौस्तुभकडं वळली. "तुमची गाणी यंत्रावर बसवलेली नाहीत, यांच्यावर बसवलीत. मी पाच महिने घासली तरी हे नाही यायचं मला. आणि मला वेळही नाहीये." मग नथूकाकांकडं वळून तितक्याच सडेतोडपणे म्हणाली, "पण काका, त्या शिट्टीचं काहीतरी करा. आणि शेवटी तुम्ही सुसाट पळता. का?"

"द्येऊळ जवळ आलं का वेग वाढतोच की," नथूकाका म्हणाले.

"इथं देऊळ नाहीये काका."

सायलीनं पोहे खाल्ले, पाय उडवायची एक सोपी युक्ती शिकवली आणि गेली. नथूकाका ड्रमवर राहिले. पण मनातली टोचणी गेली नाही. सायलीनं नको म्हटलं म्हणून पोरांनी आपल्याला ठेवलंय, की आपण त्यांना हवे आहोत म्हणून? त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विचारून काय उत्तर येणार ते माहीत होतं.

शिट्टीचं काम कमळकाकूंनी अंगावर घेतलं. शाळेच्या पीटीच्या मास्तरांकडं असते तसली शिट्टी त्यांनी दुकानातून आणली आणि रोज संध्याकाळी गोठ्यात नवऱ्याच्या मागं उभ्या राहायला लागल्या. वाटेल तेव्हा, वाटेल तितक्या जोरात. पहिल्या आठवड्यात नथूकाकांचा हात दर वेळी सटकला. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या वेळा. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी थेट कानाशी शिट्टी फुंकली तरी ठेका ढळला नाही, फक्त मान हलली. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या कानात शिट्टी फुंकायची मुभा कुठल्या बाईला मिळते? काकूंनी चौथा आठवडाही सोडला नाही. गरज नव्हती तरी.

'पाचोळा'तले तीन बदल मात्र कौस्तुभनं ठेवले. ते आता पाठ होते.

पुढचा कार्यक्रम कासार आंबोलीतल्या एका बंगल्यावर ठरला. बंगल्याच्या मालकाच्या पन्नाशीची पार्टी होती. कॉलेजात असताना त्यानं केस वाढवून मेटल ऐकलं होतं आणि आता डोक्यावर केस नव्हते तरी हौस होती. दुपारी चारची वेळ, हिरवळीवर साठ-सत्तर माणसं. पहिल्याच गाण्याला शिट्ट्या सुरू झाल्या. काकू पुढच्या रांगेत श्वास रोखून बसल्या. नथूकाकांची मान किंचित हलली, हात हलला नाही. काकूंनी सुटकेचा श्वास सोडला आणि शेजारणीला कारण नसताना टाळी दिली.

'पाचोळा' शेवटचं. मधल्या ओळीला गौतमीनं हे एवढं तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच एक चिलट थेट घशात गेलं. ती पाठ फिरवून खोकायला लागली. डोळ्यांतून पाणी, हातात माईक, आणि पुढची ओळ तिची. कौस्तुभचा चेहरा पांढराफटक पडला.

नथूकाकांना चिलट दिसलं नव्हतं. त्यांना दिसल्या फक्त दोन टाचा, जमिनीला चिकटलेल्या. त्यांनी पाय थांबवले. झांजा थांबवल्या. टिपरीनं बाजूच्या खोल आवाजाच्या ड्रमवर तेवढा एक जड ठोका धरला, मिरवणूक वेशीत थांबते तेव्हा धरतात तसा. कौस्तुभनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि तोही एका सुरावर थांबला. मनीषही त्यात मिळाला. एक फेरा, दोन, चार. लोक गप्प झाले. काहीतरी मोठं येणार असं त्यांना वाटायला लागलं. सहावा फेरा. आठवा. गौतमीची उजवी टाच उठली, आणि ती पुरती उठायच्या आत नथूकाकांचे दोन्ही हात, दोन्ही पाय एकदम पडले, आणि त्यावर तिचा आवाज असा आला की बंगल्याचा कुत्रा खुर्चीखाली शिरला.

लोक उभे राहिले. बंगल्याचा मालक टक्कल हलवत नाचायला लागला. नथूकाकांच्या अंगात वारं भरलं, हात आपोआप चढत गेले, आणि उरलेलं अर्धं गाणं त्यांनी असं पळवलं की कौस्तुभची बोटं मागं पडली, मनीषनं दोन सूर गाळून टाकले आणि शेवटची ओळ गौतमीला एका दमात ओकावी लागली. टाळ्या थांबेनात. कुणाला काही कळलं नाही.

सामान टेम्पोत भरलं. काकू ड्रायव्हरशेजारी पुढं, बाकीचे चौघं मागं ड्रमच्या मध्ये अवघडून. घोटवडे फाटा मागं पडला. मग गौतमी एकदम फुटली.

"काका, शेवटी काय झालं होतं तुम्हाला? बैल सुटले होते का तुमचे?"

नथूकाका तिच्याकडं बघतच राहिले.

"मी मरत होते तिथं! सायलीनं सांगितलं होतं ना, देऊळ नाहीये म्हणून? महिनाभर सांगतोय आम्ही..."

"कवा सांगितलं? तुमी तर नुसतं छान छान..."

"ते घाबरून म्हणत होतो! घाण झालं होतं ते! आणि आज मधलं इतकं भारी केलंत, मला वाचवलंत, आणि मग सगळं मातीत घातलंत. उद्यापासून शेवटचं कडवं रोज वीस वेळा. हळू. मी स्वतः उभी राहणार मागं."

"शिट्टी घेऊन," मनीष म्हणाला.

"माझी बोटं बघा काका," कौस्तुभनं हात पुढं केला. "सोलून निघाली. असं परत केलंत ना, तर गिटार डोक्यात घालेन."

पुढून काकूंनी वळून बघितलं. त्यांना वाटलं आता भांडण पेटलं. नवरा मात्र ड्रमला मिठी मारून हसत होता, सगळे दात दिसत होते.

"अवं, हसताय काय? पोरगी शिव्या घालतीया तुमाला!"

"घालू दे," नथूकाका म्हणाले. "घालू दे गं. नऊ वर्सांत मला आपल्या ताफ्यातल्या कुणी चुकलास म्हणलं न्हाई."

मग त्यांनी डोळे पुसले, गौतमीकडं वळले आणि तू बी तिसऱ्या ओळीला उशिरा आलीस की, म्हणून माण गाव येईपर्यंत तिच्याशी भांडत राहिले.